काखेइतकी काठी

मॉडेल जिन्यातून वर आणताना एकदाच धक्का लागला, आणि तोही घरच्याच दाराचा. धाकट्याला त्यात काही नवल वाटलं नाही. नगररचना खात्यातल्या अठ्ठावीस वर्षांत त्याच्या कामाला बाहेरच्यांनी कमी धक्के दिले होते असं नाही, पण घरचा धक्का मात्र कधी चुकला नव्हता.

अण्णांच्या जेवणाच्या टेबलावर त्यानं ते जपून ठेवलं. पुठ्ठ्याचा जलतरण तलाव, निळ्या कागदाचं पाणी, पोहायच्या सहा मार्गिका, वर पारदर्शक छत, भोवती बाग आणि बागेत स्पंजची हिरवी झाडं. रविवारचे चार वाजले होते. उद्या साडेदहाला सुनावणी. नऊ वर्षांत त्यानं या तलावाचे चार आराखडे काढले होते. तीन वरच्यांनी गिळले, आणि चौथा आज तो बापाला दाखवायला घेऊन आला होता. बावन्नाव्या वर्षी माणसाला बापाच्या शाबासकीची गरज उरू नये, असं तो येताना गाडीत बायकोला म्हणाला होता. बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

अण्णा खुर्चीतून उठले. उठायला वेळ लागला. उद्यान खात्यात मुख्य निरीक्षक होते तेव्हा ते इतके उंच होते की हाताखालचे लोक त्यांना मागून 'दिव्याचा खांब' म्हणायचे. शहाऐंशीव्या वर्षी तो खांब कमरेतून वाकला होता, पण बोट अजून सरळ होतं. ते बोट एकेका स्पंजच्या झाडावर टेकवत ते बागेतल्या झाडांचे नंबर म्हणत गेले. चौदा, पंधरा, सोळा, अठरा.

"सतरा नंबर कुठंय?"

"ते काढावं लागतंय अण्णा," धाकटा म्हणाला. "तलावाची उत्तरेची भिंत बरोबर तिथंच येते."

धाकट्याची बायको चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभी राहिली. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, अण्णांच्या निवृत्तीच्या वर्षी, धाकट्यानं उद्यान खात्याऐवजी नगररचना निवडली तेव्हा बापलेक वर्षभर एकमेकांशी बोलले नव्हते. अण्णांच्या रिकाम्या खुर्चीवर मग त्याची मोठी बहीण, ताई, बसली. ती अजून तिथंच होती, आणि झाडांच्या घेराचा दाखला तिच्या सहीशिवाय सुनावणीत मांडता येत नव्हता. तो दाखला या क्षणी तिच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत होता. सही व्हायची होती.

"घेर किती?" अण्णांनी ताईकडे न बघताच विचारलं.

"एकशे शहाण्णव," ताई म्हणाली.

"माझ्या वहीतून घेतलास?"

"वहीत तुमचा शेवटचा आकडा एकशे ब्याऐंशी होता. हा मागच्या वर्षीचा, मी मोजलेला."

"म्हणजे दोन मीटरच्या आत. तोडता येतं." अण्णा मागे झाले. "दोन मीटरच्या वर एक सेंटिमीटर जरी असतं ना, तर मी स्वतः त्या झाडापुढे आडवा पडलो असतो. नाहीये, तर नाहीये. नियम म्हणजे नियम." मग त्यांनी हात लांब करून धाकट्याच्या खांद्यावर ठेवला. "बांध तू. पोरांना पोहायला जागा नाही या गावात. चांगलं काढलंयस."

धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. चष्मा पुसायच्या निमित्तानं तो खिडकीकडे वळला. नऊ वर्षांचा शीण एका हाताच्या वजनानं उतरतो हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर इतकी वर्षं तो दुसरीकडे शोधत बसला नसता.

ताईनं पिशवी पायानं खुर्चीखाली सारली.

*

धाकट्याची मुलगी पोहायला शिकवायची. रविवारीसुद्धा गळ्यातली शिट्टी उतरायची नाही म्हणून घरानं तिचं नावच शिट्टी ठेवलं होतं. रोज पहाटे पाचला चौदा मुलींना बसमध्ये कोंबून ती दीड तासावरच्या शहरातल्या तलावावर न्यायची. मुली जाताना झोपायच्या, येताना ओल्या केसांनी झोपायच्या, आणि पहिल्या तासाला शाळेत पेंगायच्या. शाळेच्या बाईंनी तिला दोनदा चिठ्ठी पाठवली होती. हा तलाव तिला बापापेक्षा काकणभर जास्तच हवा होता.

म्हणून तर शनिवारी संध्याकाळी ती टेप घेऊन बागेत गेली होती. आणि म्हणूनच आता तिनं आत्याला डोळ्यांनी खुणावून गॅलरीत नेलं.

"आत्या, मी काल सतरा नंबर मोजलं."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. उद्या ते सकाळी फिरणाऱ्यांचं मंडळ येणार हरकती घेऊन. म्हटलं, बाबांना कुणी कोंडीत पकडू नये. नियमाचं पुस्तक वाचलं, जमिनीपासून एकशे तीस सेंटिमीटरवर खडूनं खूण केली आणि टेप गुंडाळली." तिचा आवाज खाली गेला. "दोनशे चार. तीनदा मोजलं."

आत्या दचकेल असं तिला वाटलं होतं. आत्यानं गॅलरीच्या कठड्यावरची धूळ बोटानं पुसली.

"माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"दोनशेच्या वर असणार ते. जुन्या पुस्तकात नुसतं लिहिलं होतं, छातीच्या उंचीवर घेर मोजावा. कुणाच्या छातीच्या, ते लिहिलं नव्हतं. तुझ्या आजोबांनी आपलीच धरली. खोडाला चिकटून उभं राहायचं आणि टेप काखेखालून फिरवायची. पस्तीस वर्षं असंच केलं त्यांनी. मी त्या खुर्चीवर बसले तेव्हा म्हणाले, तू बुटकी, तुझे आकडे माझ्या आकड्यांशी जुळायचे नाहीत. मग एक काठी काखेत धरली, बरोबर तेवढी कापली आणि मला दिली. तुझा बाप आला असता तर काठी लागलीच नसती. तो त्यांच्याच मापाचा."

"ती दाराआडची काठी?"

"तीच. ती उभी करायची आणि तिच्या टोकाशी टेप लावायची. सहा वर्षांपूर्वी नवं पुस्तक आलं. त्यात सरळ आकडाच दिलाय, एकशे तीस. त्या दिवशी मी घरी येऊन काठी मोजली. एकशे शेहेचाळीस भरली. खोड खाली रुंद असतं गं. वर मोजलं की कमीच येणार."

शिट्टीला हे पटकन झेपलं नाही. "मग तू काय केलंस?"

"काठी परत दाराआड ठेवली."

खाली रस्त्यावर कुणीतरी सायकल शिकत होतं आणि पडत होतं. शिट्टी तिकडे बघत राहिली. आत्या गावातलं एकेक झाड नंबरानं ओळखते, आत्या कुणाचं ऐकत नाही, असं सांगत ती लहानाची मोठी झाली होती.

"मग आता का विचार करतेयस?" ती एकदम फणकारली. "सहा वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस ना? अजून एक दिवस बस. मंडळवाले आजोबांच्या वहीपुढे चकार शब्द काढत नाहीत. कुणाला कळणार नाही. माझ्या चौदा मुली आहेत आत्या, तुझं एक झाड."

"अगं, एक असतं तर मीही तेच म्हटलं असतं," आत्या म्हणाली. "स्टेशनकडचा रस्ता रुंद केला तेव्हा अकरा गेली. सगळी काठीनं एकशे नव्वदच्या पुढची. मी सह्या केल्या. मला ते अकराही नंबर पाठ आहेत. नको म्हटलं तरी आठवतात."

*

स्वयंपाकघराची खिडकी गॅलरीतच उघडायची. घर बांधणाऱ्यानं ती हवेसाठी ठेवली होती. धाकट्याच्या बायकोला या सासरच्या घरातल्या बहुतेक गोष्टी त्या खिडकीतूनच कळल्या होत्या, कारण कुणी तिला मुद्दाम काही सांगत नसे.

कप विसळता विसळता तिनं सगळं ऐकलं. ती दवाखान्यात परिचारिका होती. आदल्या रात्रीची पाळी करून आली होती, पाय सुजले होते, आणि झाडं नि नकाशे या दोन विषयांवर या माणसांनी आणखी एक संध्याकाळ काढली तर आपण टेबलावरच डोकं टेकून झोपू, असं तिला वाटत होतं. तिनं नवऱ्याला आत बोलावलं आणि दोन वाक्यांत सांगून टाकलं. फिरवून सांगायचं त्राण तिच्यात नव्हतं.

ताई गॅलरीतून आत आली तसा धाकटा दबक्या आवाजात सुरू झाला, कारण बाहेर अण्णा अजून मॉडेलपाशी होते.

"आज सांगतेयस? उद्या साडेदहाला सुनावणी आहे ताई."

"मी सांगितलं नाही. तुझ्या मुलीनं मोजलं."

"म्हणजे तिनं मोजलं नसतं तर तू सही केली असतीस?"

ताईनं खरं ते सांगितलं. "केली असती बहुतेक. पिशवी तीन दिवस घेऊन फिरतेय. पेन काढते आणि परत ठेवते."

"मग कर ना!" तो ओरडला आणि लगेच दाराकडे बघून आवाज उतरवला. "दक्षिणेला पाण्याची मोठी नळवाहिनी आहे, तिकडे सरकता येत नाही. मंजुरी वर्षाअखेरीला संपते. पुन्हा सगळं पहिल्यापासून. माझ्यात आता दम नाही गं. खरंच नाही. आणि आज, ऐकलंस ना तू? चांगलं काढलंयस म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बाजूनं बोलले, आणि तू आता त्यांना जाऊन सांगणार की तुमची वही चुकीची आहे?"

"मला कुठं सांगायचंय?" ताई म्हणाली. "ती वही सोडून त्यांच्याकडे राहिलंय काय? आई गेली, पाय गेले, डोळे गेले. वहीत एक खोट नाही, एवढंच धरून बसलेत. मला ना त्यांना सांगवत, ना सही करवत. तूच सांग, काय करू मी."

दोघं भावंडं ओट्याला टेकून उभी राहिली. शिट्टी दारात नखं खात होती. धाकट्याच्या बायकोनं शेवटचा कप पालथा घातला.

"आमच्याकडे तापाचा आकडा चुकला तर त्यावर एक रेघ मारतात," ती म्हणाली. "खोडून काळं करायचं नाही, नुसती एक रेघ. शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि खाली सही करायची. कुणाला काय वाटेल ते बघत बसलो असतो तर निम्मे पेशंट गेले असते. तुम्ही दोघं साहेब माणसं, पण एवढं साधं येत नाही तुम्हाला."

"काय येत नाही?" अण्णा दारात उभे होते. ते केव्हा आले कुणाला कळलं नव्हतं.

पुढे व्हायला कुणीच तयार होईना. शेवटी शिट्टीच बोलली.

"आजोबा, सतरा नंबर परत मोजायचं म्हणतायत. सुनावणीच्या आधी. खात्रीसाठी."

अण्णांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. "बरोबर आहे. वर्ष झालं ना मोजून. चला मग, मी मोजतो."

"तुम्ही?" ताई म्हणाली. "थांबा, काठी घेते."

"काठी तुझ्यासाठी कापली होती," अण्णा म्हणाले. "मला काठी कशाला?"

*

बाग पाच मिनिटांवर होती. त्यांना वीस मिनिटं लागली. अण्णांना एका बाजूनं धाकट्यानं धरलं, दुसऱ्या बाजूनं शिट्टीनं. बाकांवर माणसं बसली होती, घसरगुंडीवर मुलांचा गलका चालला होता. अण्णांना ओळखणारं तिथं कुणी उरलं नव्हतं. अण्णा मात्र झाडं ओळखत होते आणि जाता जाता नंबर पुटपुटत होते.

सतरा नंबर उत्तरेच्या कुंपणापाशी होतं. खोडाची साल सोलून सोलून गुळगुळीत झालेली, बुंधा खाली पसरट, पत्र्याचा बिल्ला गंजलेला. ताईनं खोडावरची खडूची खूण बघितली आणि मान फिरवली.

अण्णांनी दोघांचेही हात सोडवले. खोडाला छाती लावून उभे राहिले. गालही टेकला. ताईनं लहानपणी त्यांना असं शेकडो वेळा पाहिलं होतं. तेव्हा ते सरळसोट उभे असायचे. आता पाठ कमानीसारखी वर आली होती आणि डोकं खांद्यांच्या पुढे गेलं होतं. त्यांनी टेपचं टोक काखेखाली धरलं.

"फिरव," ते धाकट्याला म्हणाले.

धाकट्यानं टेप खोडाभोवती नेली, मागच्या बाजूला ती सरळ केली आणि पुढे आणली. टेप बरोबर खडूच्या खुणेवरून गेली होती. एक बोटभरही वर नाही. त्यांची काख आता तिथं आली होती.

"वाच," अण्णा म्हणाले. "मला दिसत नाही."

धाकटा वाकला. ताईनं चष्मा डोळ्यांवर घेतला नाही. शिट्टी पायानं माती उकरत होती, आणि त्याची बायको पाच पावलांवर उभी राहून सूज आलेला पाय चपलेतून बाहेर काढत होती. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळ्यांनी त्याला मोकळं सोडलं होतं. एकशे शहाण्णव म्हटलं असतं तर एकानंही हूं की चूं केलं नसतं, आणि तलाव झाला असता. ते सगळं त्याच्या लक्षात आलं होतं हे ताईला त्याच्या मानेवरून कळलं.

तो फार वेळ वाकून होता.

"दोनशे चार," तो म्हणाला.

"नीट वाच."

"दोनशे चार, अण्णा. नीटच वाचलं."

अण्णा खोडापासून दूर झाले नाहीत. "वाढलंय मग," थोड्या वेळानं ते म्हणाले. "लिही, ताई."

ताईनं पिशवीतून दाखला काढला. गुडघ्यावर ठेवून एकशे शहाण्णववर एक रेघ मारली, शेजारी दोनशे चार लिहिलं, जमिनीपासून एकशे तीस असं लिहिलं आणि खाली सही केली. सही वेडीवाकडी आली. धाकटा बाकावर जाऊन बसला होता आणि दोन्ही हातांनी तोंड चोळत होता. ती त्याच्याशेजारी बसली. तो तिच्यापेक्षा बराच उंच होता, पण तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चार मार्गिका बसतील का रे?"

"चार," तो म्हणाला. "कपडे बदलायच्या खोल्या पश्चिमेला नेल्या तर कदाचित. मंजुरी टिकली तर कदाचित." मग तो हसला, पण ते हसू त्याच्याच अंगावर आलं. "पाचवा आराखडा."

"चार चालतील बाबा," शिट्टी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "आळीपाळीनं घेईन मी त्यांना."

परत निघाले तेव्हा अण्णांनी ताईचा हात धरला. बाकीच्यांना त्यांनी पुढे जाऊ दिलं.

"एका वर्षात आठ सेंटिमीटर वाढत नाही झाड. ती काठी किती भरते?" फाटकापाशी त्यांनी विचारलं.

ताई थांबली. मग खोटं बोलायचा कंटाळा आला म्हणून नाही, तर खरं बोलायला आता कुणाची आडकाठी उरली नव्हती म्हणून ती म्हणाली, "एकशे शेहेचाळीस."

"कधीपासून माहीत आहे?"

"सहा वर्षं झाली."

"या सहा वर्षांत किती गेली?"

"अकरा."

"नंबर सांग."

तिनं सांगितले. प्रत्येक नंबर अण्णा तिच्यामागून म्हणत गेले, हळू आवाजात, वहीत लिहिताना म्हणायचे तसे. अकरावा झाल्यावर ते काही वेळ फाटकाचा गज धरून उभे राहिले. पुढे धाकटा थांबून मागे वळून बघत होता. अण्णांनी त्याला हातानं जा म्हटलं.

"आणि माझ्या पस्तीस वर्षांतली मला आठवणार नाहीत," ते म्हणाले. "वही काढून बसावं लागेल. तू वाच, मी रेघा मारतो."

"मारू या," ताई म्हणाली. तिला रडू येत होतं, आणि तिनं ते आवरलं नाही.

"घरी गेल्यावर आधी ती काठी आण. मी काखेत धरतो. करवत घे आणि कापून टाक, आत्ता मी आहे तेवढी."